दुसरं काडतूस

रोंडाने काचेच्या कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं, चक्री उघडून ते रिकामं असल्याची खात्री केली, एल्वुडलाही करू दिली आणि मूठ त्याच्याकडे करून काउंटरवरच्या कापडावर ठेवलं. एल्वुड प्रॅटरने चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं बघायला त्याला चष्मा लागत नसे आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगत असे.

वस्तू जुनी होती. नळीवरची निळसर झाक उडाली होती आणि लाकडी मूठ कुणाच्या तरी तळव्याने झिजून गुळगुळीत झाली होती. पण एल्वुडने एकतीस वर्षं केंटकीच्या कोळसाखाणींत पाणी उपसायचे पंप दुरुस्त केले होते. रंगरूपाला भुलणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने चक्रीवर अंगठा हलकेच टेकवला आणि घोडा सावकाश मागे ओढला. टक्. घोडा पुरता मागे जायच्या आत चक्री आपल्या जागेवर घट्ट बसली. सहाही घरं त्याने अशीच तपासली, पूर्वी पंपाला कान लावायचा तसा कान देऊन. सहाच्या सहा चोख होती.

"कशाला हवंय, एल्वुडकाका?" रोंडाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरात असावं म्हणून."

"घरात बंदूक आहे की तुमच्या. चांगली आहे."

"भाच्याला दिली. ओहायोला घेऊन गेला तो."

रोंडा हूं म्हणाली. दुकान तिच्या वडिलांचं. एका भिंतीला मासे धरायचे गळ, दोऱ्या आणि आमिषाच्या गांडुळांचा फ्रीज, दुसऱ्या भिंतीला बंदुका. वडील गेल्यापासून तीच एकटी चालवत होती आणि आता तिचीही पन्नाशी उलटली होती. चर्चमध्ये ती एल्वुडच्या बायकोच्या, व्हर्नाच्या, मागच्या बाकावर बसायची. व्हर्ना फेब्रुवारीत गेली. त्यानंतर एल्वुडने मासेमारीच्या काठ्या शेजाऱ्याला देऊन टाकल्या, मग अवजारांची पेटी चर्चला दिली, मग बंदूक. म्हाताऱ्याने मन मोठं केलं, असं खोऱ्यात सगळे म्हणत होते. रोंडाने तसं कधी म्हटलं नव्हतं.

रिव्हॉल्व्हर कशाला हवं ते एल्वुडला नीट सांगता आलं असतं. व्हर्नाची कुत्री बिस्किट चौदा वर्षांची झाली होती. तिचे मागचे पाय गेले होते आणि तीन दिवस तिने पाण्याखेरीज कशाला तोंड लावलं नव्हतं. जनावरांचा डॉक्टर चाळीस मैलांवर होता, आणि तिला तिथल्या पत्र्याच्या टेबलावर परक्या माणसांत मरू द्यायचं नाही, असं व्हर्नाने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. शिवाय या खोऱ्याची रीतच होती, आपल्या कुत्र्याला आपणच गोळी घालून सोडवायचं. शेजाऱ्याला सांगायचं नाही, त्याची बंदूकही मागायची नाही. पण हे सांगायला तोंड उघडलं तर आवाज दगा देईल, अशी त्याला भीती होती. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

"ठीक आहे वस्तू. कागद काढ," तो म्हणाला.

रोंडाने खणातून सरकारी फॉर्म काढला आणि काडतुसांची पेटी कोणती देऊ म्हणून विचारलं.

"पेटी काय करायचीय? दोन सुटी दे."

"सुटी?"

"दोन पुरेत मला."

या दुकानात लोक पन्नासाची पेटी मागत, दोन पेट्या मागत, शिकारीचे दिवस आले की डझनभर उचलत. सुटी काडतुसं कुणी मागत नसे. रोंडाचा हात फॉर्मवर तसाच राहिला.

"दोन कशाला, काका?"

"एक चुकली तर."

तिने फॉर्म पुन्हा खणात सारला. मग रिव्हॉल्व्हर उचललं, एकदाच घोडा ओढला, खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळे बारीक केले आणि नाक मुरडलं.

"नाही हो. चक्री जागेवर बसत नाहीये याची. आतला भाग झिजलाय. असं विकलं तर माझे वडील थडग्यातून उठून येतील."

"आत्ता तपासलंय मी. सहाही घरं."

"तुमचा कान गेलाय."

"मग दुसरं दाखव."

"दुसरी सगळी बोलून ठेवलेली आहेत." कपाटात सात-आठ तरी होती आणि एकालाही चिठ्ठी नव्हती. रोंडाने कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. "भाग मागवते मी. पुढच्या गुरुवारी या."

एल्वुडने टोपी घातली आणि तो बाहेर पडला. रागाने त्याचे कान तापले होते. शेंबड्या वयापासून ओळखत होता तो हिला, आणि आज ही त्याला चक्री कशी बसते ते शिकवत होती. गाडीत शेजारच्या सीटवर बिस्किट व्हर्नाच्या तपकिरी स्वेटरवर पडून होती. तिला घरी एकटं ठेवून यायला त्याचं मन झालं नव्हतं. तो आत बसला तशी तिने शेपूट एकदा हलवली आणि तेवढ्यानेच ती दमली.

गाडीला किल्ली लावली आणि त्याचा हात थांबला. रोंडाचा कान तर तिच्या बापाचा होता, चुकणारा नव्हता. म्हणजे ती धडधडीत खोटं बोलली होती. का बोलली असेल, याचा विचार करताना त्याला क्लाइड स्टंबो आठवला. क्लाइडने दोन वर्षांपूर्वी याच काउंटरवरून रिव्हॉल्व्हर नेलं आणि त्याच संध्याकाळी धान्याच्या कोठारात स्वतःला संपवलं. तेव्हा रोंडाने चार दिवस दुकान उघडलं नव्हतं.

मी काय क्लाइड आहे, असं एल्वुड मनात म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. एक चुकली तर. साठ वर्षं तो शिकार करत आला होता. सोडवायची वेळ आलेली दोन कुत्री आणि एक घोडी त्याने स्वतःच्या हातांनी सोडवली होती. दुसऱ्या गोळीची गरज त्याला आजवर कधी पडली नव्हती. ती याही वेळी पडणार नाही हे काउंटरपाशी उभं असतानाही त्याला माहीत होतं. तरी त्याने दोन मागितली होती, इतकी सहज की स्वतःलाही कळू नये. त्याला भीती वाटली. व्हर्नाच्या आजारपणातही त्याला अशी भीती वाटली नव्हती.

खिडकीवर टकटक झाली. बाहेर रोंडा त्याचा चष्मा घेऊन उभी होती. कपाळावरून काढून त्याने तो काउंटरवर कधी ठेवला, ते त्याला आठवेना. त्याने काच खाली केली. तिने चष्मा दिला आणि तिची नजर आत स्वेटरवर गेली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हिच्यासाठी हवं होतं होय? बोलायचंत ना मग, काका."

"हिच्यासाठी एक," एल्वुड म्हणाला.

बिस्किटचा श्वास तेवढा ऐकू येत होता. रोंडाने दुसऱ्याचं विचारलं नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही, खिडकीतून हात घालून कुत्रीच्या कानामागे ती खाजवत राहिली. एल्वुडचा आवाज अखेर फुटला तो याच वेळी, आणि तोही शब्दांवाचून. सत्तरीच्या पुढे गेलेला माणूस दुकानासमोर, भर दुपारी, स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळाने रोंडा म्हणाली, "दुकान बंद करते. वडिलांची बंदूक घेऊन मागोमाग येते मी. तुम्ही फक्त तिचं डोकं मांडीवर घ्या."

"आपल्याकडे अशी रीत नाही, रोंडा."

"रीत गेली खड्ड्यात."

अक्रोडाच्या झाडाखाली, व्हर्नाच्या भाजीच्या वाफ्यापलीकडे, त्यांनी बिस्किटला स्वेटरसकट पुरलं. फावडं शेजाऱ्याकडून आणावं लागलं, कारण एल्वुडने आपलं देऊन टाकलं होतं. एकच गोळी पुरेशी ठरली होती. मग रोंडाने त्याच्याच स्वयंपाकघरात घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि मक्याचा पाव गरम केला, आणि समोर बसून त्याला खायला लावलं.

रिव्हॉल्व्हर अजून त्या काचेच्या कपाटात आहे. त्याच्या चापाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर रोंडाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, 'दुरुस्तीला. ई. प्रॅटर.' गिऱ्हाईक कितीही देऊ म्हणालं तरी ती ते विकत नाही.

दर गुरुवारी दहाच्या सुमाराला एल्वुड येतो. टोपी काढतो, रोंडाने ओतलेली कॉफी घेतो आणि पावसापाण्याचं, चर्चच्या गळक्या छपराचं बोलणं झालं की कपाटाकडे मान करून विचारतो, "आला का गं तो भाग?"

"नाही ना आला अजून."

"पाठवायला उशीर करतात हल्ली."

"फार."

"असू दे. काही घाई नाही," एल्वुड म्हणतो. कप धुऊन पालथा घालतो आणि पुढच्या गुरुवारी येतो म्हणून सांगतो.