वाडग्याच्या तळाशी

मी टोप बोलतोय. या घरातल्या भांड्यांत सगळ्यात थोरला. कढया-पातेली रोज राबायची. मी मात्र आठवड्यातून एकदाच, सुट्टीच्या दिवशी शेगडीवर चढायचो, तेही फक्त रामेनसाठी, म्हणजे हाडांच्या रश्शातल्या जपानी नूडल्ससाठी. त्यामुळे मी जरा शिष्टच होतो म्हणा.

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करायचा. नूडल्सच्या एका दुकानाची लिफ्ट दुरुस्त करता करता तिथल्या आचाऱ्याकडून रामेन अर्धंमुर्धं शिकला आणि मला विकत घेऊन आला. हाडं उकळून पहिलं पाणी फेकायचं, हाडं घासून धुवायची, मग रस्सा पांढरा होईतो दिवसभर शिजवायचा. रस्सा आटतो, म्हणून टोपात मीठ घालायचं नाही, हे तो पक्कं शिकला होता. मग मीठ घालायचं कुठे, ते विचारायचं राहून गेलं. नूडल्सची कणीक इतकी घट्ट की ती पिशवीत घालून पोरांना वर नाचायला लावायचा.

"मोजे तरी धुतलेले आहेत का रे?" मालकीण ओरडायची.

पहिल्या खेपेला रस्सा भांडी विसळलेल्या पाण्यासारखा लागला. मालकिणीने तरीही आपला वाडगा संपवला. पुढच्या सुट्टीला तो माझ्यावर वाकून हाडं उपसत होता, तेव्हा तिने फ्रीजमधली एक बाटली काढली आणि प्रत्येक वाडग्याच्या तळाशी काळसर, खारट असं काहीतरी घातलं. वरून रस्सा पडला. पोरांनी वाडगे चाटूनपुसून साफ केले.

"बघ, हात बसला माझा!" मालक म्हणाला.

"बसणारच," ती म्हणाली.

त्यानंतर दर वेळी हेच झालं. वाडगे मांडणं तिचं काम. त्यात तो कधी डोकावला नाही. बायकोच्या कामात नवरे डोकावत नाहीत, हे मी बरंच पाहिलंय.

पोरं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली. मग ती आजारी पडली आणि गेली. मुलगी घर आवरायला आली. "कसलं काळं पाणी हे," म्हणत तिने ती बाटली मोरीत ओतली. मी मांडणीवरून बघत होतो. ओरडावंसं वाटलं, पण टोपाचं तोंड नुसतंच मोठं.

मुलगा म्हणाला, "बाबा, घर विकू या. एकट्याने नाही जमायचं तुम्हाला."

"रविवारी जेवायला या सगळे," मालक म्हणाला. "रामेन करतो. ते खा आणि मग सांगा, मला जमत नाही म्हणून."

मला त्याची फार कीव आली. नेमकी त्याच गोष्टीवर त्याने पैज लावली होती.

त्या दिवशी ओट्याला धरून त्याने एकट्यानेच कणीक तुडवली. रस्सा दुधासारखा उतरला. रिकाम्या वाडग्यांत त्याने तो वाढला.

मुलाने एक घोट घेऊन चमचा खाली ठेवला. "छान झालंय, बाबा," मुलगी म्हणाली, पण मान वर न करता. मालकाने चाखलं. मीठ घातलं, चाखलं, पुन्हा घातलं.

"तीच हाडं, तीच आच," तो पुटपुटला. "माझा हातच गेला."

मुलीचा चेहरा उतरला. "बाबा, आई वाडग्यात आधी काहीतरी घालायची. लहानपणी पाहिलंय मी. त्या बाटलीतलं असणार... मी ओतून दिलं हो ते."

"दर वेळी घालायची?"

"दर वेळी."

"मला कधी बोलली नाही."

त्याने तो वाडगा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग मुलाला म्हणाला, "घराचं काय ते कर."

घर विकलं गेलं. मी आता फाटकाबाहेर भंगारवाल्याची वाट बघतोय. निघताना मालक माझ्यापाशी थांबला आणि काठावर हात ठेवून म्हणाला, "तुला तरी माहीत असेल. काय घालायची रे ती?"

मला माहीत नाही. ते ती दुधाच्या पातेल्यात करायची, तो कामावर गेल्यावर, आणि मी तेव्हा पालथा पडलेला असायचो. तुमच्याही घरात न बोलता कुणी काही घालत असेल, तर तिला आजच विचारा. नाहीतर भांड्यांना विचारायची वेळ येते, आणि आम्हाला काही सांगता येत नाही.