अकरा दिवसांचा प्रश्न

बाई गेल्याचं पेंटरला कळलं ते गुरुवारी सकाळी साडेदहाला, शाळेच्या व्हरांड्यात, हातात ब्रश असताना. शिपाई धावत आला आणि दोन पावलांवर थबकला. पेंटरने हातातलं अक्षर पुरं केलं, ब्रश पुसला, मग विचारलं, "दवाखान्यातून फोन?" शिपायाने मान खाली घातली.

बाई म्हणजे त्याची बायको. त्या या शाळेत जगाचा इतिहास शिकवायच्या. व्हरांड्यातल्या पेटीत मुलं प्रश्न टाकायची आणि दर गुरुवारी एकाचं उत्तर शेजारच्या फळ्यावर यायचं. बाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहायचं काम पेंटरकडे. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा माणूस, पण हा फळा त्याने एकोणीस वर्षं हौसेने लिहिला. बाई सांगायच्या, तो लिहायचा.

त्या दिवशी सकाळी बाईंनी दवाखान्यातल्या खाटेवरून फोनवर उत्तर सांगितलं होतं. इंग्लंडमध्ये १७५२ साली दोन सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम चौदा सप्टेंबर आला, कारण जुनं कॅलेंडर अकरा दिवस मागे पडलं होतं. मधल्या तारखांना ज्यांचे वाढदिवस होते, त्यांनी... एवढ्यावर डॉक्टर आले. "बाकीचं मागाहून सांगते," बाई म्हणाल्या. दोन तासांनी त्यांचं हृदय थांबलं.

पंधरा दिवसांनी पेंटर शाळेत आला, तर फळा तसाच, 'त्यांनी'वर थांबलेला. बाईंच्या जागी आलेले नवे सर म्हणाले, "काका, ब्रश द्या इकडे. गैरसोय सोसली, असं लिहून टाकू. दोन शब्दांचं काम."

"बाईंचं वाक्य आहे. त्यांच्याच मनातलं लिहायचं."

"आता ते कसं कळणार?" सर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मधल्या सुट्टीत तो प्रश्न पेटीत टाकणारी मुलगी आली. सगळी शाळा तिला 'चौकशी' म्हणायची.

"पेंटरकाका, कॅलेंडर पुस्तकात आहे. माझा प्रश्न वाढदिवसाचा होता."

"ठाऊक आहे गं बाई."

"मग लिहा की. एवढी वर्षं तुम्हीच लिहिलंत. बाई काय म्हणाल्या असत्या, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत?"

पेंटर आठवू लागला. सातशेच्या वर उत्तरं झाली असतील. त्याला आठवलं, कुठल्या गुरुवारी ओळ वर चढली होती, कधी रंग ओघळला होता. एकदा शब्द मावत नव्हता म्हणून त्याने विचारलं होतं, "कापू का?" तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, माणसं मेलीत त्यात, कापताय काय." कुठली माणसं, ते त्याने विचारलं नाही. उत्तर सांगून झालं की बाई जरा थांबायच्या. तो म्हणायचा, "झालं?" त्या म्हणायच्या, "झालं." एकोणीस वर्षांत मग पुढे काय झालं, असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"मला एकही आठवत नाही," तो मुलीला म्हणाला. "मी नुसती अक्षरं बघत होतो."

मुलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "माझे बाबा पण आईचं असंच ऐकतात," ती म्हणाली. "बाईंच्या वह्या असतील ना घरी? त्यात बघा."

उत्तरांच्या टिपणांच्या वह्या होत्या, वर्षाला एक. तो सकाळचं काम उरकून दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसतो. कोंबडीचे पाय लावता लावता कधी एका पानाला तास जातो. परवा एका राजाची फजिती वाचून त्याला मोठ्याने हसू आलं. कुणाला तरी सांगावं म्हणून त्याने मान वर केली. समोर खुर्ची होती. त्या दिवशी त्याने पुढे वाचलं नाही.

मुख्याध्यापिकांना त्या फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक लावायचं आहे. त्याने महिनाभराची मुदत मागितली, त्यांनी आठवडा दिला.

आतापर्यंत तीन वह्या झाल्या, सगळ्यांत नवी आधी. वाढदिवसाचं कुठे काही सापडलं नाही. सोळा वह्या वाचायच्या राहिल्या आहेत आणि मुलीला उत्तर द्यायचं राहिलं आहे.