सातवी खिंड

छाया गेल्याच्या दहाव्या दिवशी रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. पलीकडच्या भिंतीवर दोन कावळे बसले होते, पण खाली येत नव्हते. मग रीतीप्रमाणे एकेकाने बोलायला सुरुवात केली. छायाचा भाऊ महेश म्हणाला, "ताई, तुझ्या लेकीच्या, वेदिकाच्या शिक्षणाचं आम्ही बघू." कावळे हलले नाहीत. कोणी म्हणालं, सासूबाईंची काळजी घेऊ. तरी नाही. ऊन चढायला लागलं, गुरुजींनी दर्भ हातात घेतला. आता दर्भाचा कावळा करून उरकणार, हे मला कळलं.

माझी आई, कुसाबाई, मागून म्हणाली, "गोटीराम, तिचं काय राह्यलंय ते बोल की रं. तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "तुझं पुस्तक दसऱ्याला पुरं करून देतो."

कावळा आला. चोच मारली आणि उडाला. बायका रडायला लागल्या. महेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, काय बोलून बसलात? साधा अर्ज लिहायचा तर तुम्ही मला फोन करता."

तो खरं बोलला. मी दहावी नापास माणूस. मखमलाबादला आमचं वीस गुंठे झेंडू, थोडी शेवंती आणि बाकी भाजीपाला. पुस्तक लिहीत होती ती छाया.

ती जादूच्या कादंबऱ्या लिहायची, खिंडींच्या, राखणदारांच्या, नसलेल्या राज्यांच्या. पुण्याच्या एका प्रकाशकाने पहिलं पुस्तक परत पाठवलं तेव्हा ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने ते स्वतःच इंटरनेटवर टाकलं, मोबाइलवर वाचायचं पुस्तक म्हणून. मुखपृष्ठही तिनेच केलं. पहिल्या महिन्यात अकरा जणांनी घेतलं, त्यातले सात आमचे पाहुणे. तिसरं पुस्तक आलं तोवर तिचे वाचक सटाण्यापासून सोलापूरपर्यंत झाले होते.

चौथं पुस्तक शेवटचं होतं. ते दसऱ्याला निघणार म्हणून तिने जाहीर केलं. मी तेव्हाच म्हणालो होतो, फुलवाल्याच्या घरी दसऱ्याला जेवायला वेळ नसतो, तू पुस्तक कसलं काढतेस? ती म्हणाली, "अहो, तुमचं झेंडूचं सोनं त्या दिवशी खपतं, माझंही खपू द्या की." तीनशे चाळीस जणांनी आधीच नाव नोंदवलं होतं. गणपतीत तिला डेंग्यू झाला आणि सहा दिवसांत, पितृपक्ष लागता लागता, ती गेली.

आता गोष्ट अशी होती. पुस्तक जिथून निघायचं त्या ॲपवर तिने तारीख धरून ठेवण्यासाठी एक कच्ची फाइल टाकून ठेवली होती. दसऱ्याच्या चार दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत पक्की फाइल टाकली नाही, तर तीच कच्ची फाइल सगळ्यांना जाणार. वेदिकाने ती मला उघडून दाखवली. मध्येमध्ये छायाने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. 'इथे तांबीला राग यायला हवा.' 'हे आधी सांगून झालंय, काढ.' एका ठिकाणी 'ह्यांना इथे कंटाळा आला.'

हे म्हणजे मी.

तिची लिहायची पद्धतच तशी होती. पहाटे आम्ही झेंडू तोडायला उतरायचो. मी एका सरीत, ती शेजारच्या. तोडता तोडता ती पुढचं प्रकरण सांगायची. मी ऐकायचो. मी "मग?" म्हणालो की तिला कळायचं, प्रकरण बरं आहे. मी फुलांचं किंवा पाण्याच्या पाळीचं काही बोललो की ते प्रकरण गेलं. दुपारी क्रेट ठेवायच्या शेडमध्ये बसून ती तेच टाइप करायची, पंचवीस मिनिटांचा गजर लावून. गजर वाजेपर्यंत कोणी हाक मारायची नाही. आई एकदा म्हणाली होती, "कुकरला शिट्ट्या, तसा ह्या सूनबाईला गजर."

शुक्रवारला दहा दिवस होते. मी छायाची मैत्रीण शुभांगी हिला फोन केला. तीही असल्याच कादंबऱ्या लिहिते, नोकरी सांभाळून. गंगापूर रोडला एका चहाच्या हॉटेलात दर रविवारी ती, छाया आणि आणखी दोघं लिहिणारे जमायचे. तासभर कोणी बोलायचं नाही, नुसतं लिहायचं, आणि मग एकमेकांची पिसं काढायची. शुभांगी लगेच आली. छायाची फाइल आणि तिची नियमांची वही तिने मागून घेतली. त्या वहीत जादूचे सगळे नियम होते. कुठली खिंड काय मागते, कोण काय विसरलं, कोणाचा कुठला डोळा गेला. "वहीशिवाय हात लावला तर चार पुस्तकांचा हिशोब चुकतो, दाजी," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "शेवट नाहीये. ती मला शेवटच्या रविवारी म्हणालीच होती, शेवटचं राहिलंय. सातव्या खिंडीशी येऊन थांबलंय सगळं. आधीच्या तिन्ही पुस्तकांच्या शेवटी 'समाप्त' आहे, इथे नाही."

"मग काय करायचं?"

"मी लिहिते. मला तिचा हात माहीत आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पण त्या दिवसापासून मला धड जेवण गेलं नाही. कावळ्याला मी शब्द दिला होता, आणि काम शुभांगी करत होती. छायाने लिहिलेलं मी स्वतः उघडून वाचलंही नव्हतं. चार पुस्तकांत एकही प्रकरण मी डोळ्यांनी वाचलेलं नाही. सगळी कानांनी ऐकलेली. वाचायला बसलो की दोन ओळींनंतर तिचा आवाज येत नाही हे कळायचं आणि मी मोबाइल उलटा ठेवायचो.

मधल्या काळात तिच्या मोबाइलवर वाचकांचे निरोप येत होते. ती गेल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सटाण्याची लंकाबाई म्हणून एक बाई होती, कांद्याच्या खळ्यावर कामाला. ती बोलून निरोप पाठवायची. "ताई, तांबीच्या गावाला पाणी मिळतंय ना शेवटी? एवढं सांगून टाका, मी कोणाला बोलणार नाही." मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

गुरुवारी शुभांगीने तिचं प्रकरण पाठवलं. शुक्रवारी पहाटे आम्ही तोडायला उतरलो. नवरात्राची तोड, बाहेरच्या चार बायका लावल्या होत्या. मी वेदिकाला म्हणालो, "तू तोडू नकोस. माझ्या शेजारच्या सरीत चाल आणि मोठ्याने वाच."

तांबी ही एका कोरड्या गावची मुलगी. गावासाठी पाणी आणायला निघालेली. वाटेत सात खिंडी. प्रत्येक खिंडीचा राखणदार एक आठवण मागतो, ती दिली की सोडतो. सहा खिंडी ओलांडताना ती घराचा वास विसरली, भावाची हाक विसरली, असं बरंच काही. सातवा राखणदार म्हणतो, तू कशासाठी निघालीस ते दे.

इथपर्यंत मी छायाच्या तोंडून ऐकलं होतं. पुढचं नाही.

शुभांगीच्या प्रकरणात तांबी राखणदाराशी लढते, जिंकते, पलीकडच्या झऱ्याचं पाणी पिते आणि पहिल्या घोटाबरोबर तिला सगळं आठवतं. ती पाणी घेऊन गावात येते, लोक नाचतात. चांगलं लिहिलं होतं. हुबेहूब छाया. शेवटच्या ओळींना वेदिका चालायची थांबली.

मी म्हणालो, "मग?"

"मग काय पप्पा, संपलं."

"त्या राखणदाराचं काय झालं? आणि तिला सगळं आठवलं ते कशाच्या बदल्यात?"

वेदिकाने मोबाइलवर ते पान मागे सरकवून बघितलं. मी पाटी भरून बांधावर ठेवली. "आता आईचं वाच. जिथं थांबलंय म्हणतात ते."

"तुम्हाला झेपेल?"

"वाच."

तिने वाचलं. छायाच्या तांबीने लढाई केलीच नाही. ती राखणदाराशेजारी बसली आणि त्याला आपल्या गावाबद्दल सांगू लागली. आटलेली विहीर, चिंचेखालचा पार, कोणाची म्हैस कुठे बांधलेली. उजाडेपर्यंत सांगत राहिली. मग म्हणाली, आता हे तुझ्याकडे आहे, तू लक्षात ठेव. आणि तिने ते देऊन टाकलं. खिंड उघडली. शेवटच्या ओळी अशा होत्या: 'मागून राखणदार एका गावाचं नाव घेत होता. नाव बरं आहे, असं तांबीला वाटलं, आणि ती चालू लागली.'

वेदिका थांबली. मी फुलं तोडत राहिलो. सरी संपली, मी दुसरीत वळलो.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही 'मग' म्हणाला नाहीत."

मी नव्हतो म्हणालो. पण त्याने मला बरं वाटलं नाही, उलट भीतीच वाटली. गोष्ट संपली म्हणून मी गप्प बसलो, की माझं माणूस गेलं म्हणून? हे मला कोण सांगणार होतं? आणि लंकाबाईला काय सांगायचं? पाण्याचा तर पत्ताच नव्हता.

शुभांगी दुपारी तीनला आली, फाइल टाकायला. मी तिला सांगितलं की तुझं प्रकरण नको.

ती उभीच राहिली. "दाजी, मी आठ दिवस दोन-दोन तास झोपलेय."

"माहीत आहे."

"हा शेवट नाहीये हो. मुलगी चालू लागली, एवढंच? पाणी नाही, गाव नाही. वाचक तीन पुस्तकं थांबलेत. छायालाच शिव्या घालतील, तुम्हाला नाही. ती उत्तर द्यायला आहे का?"

मला राग आला नाही. मलाही हेच वाटत होतं. मी म्हणालो, "तिची वही आण इकडे."

तिने पिशवीतून वही काढली. झेंडूच्या बियाण्याच्या कंपनीने दिलेली जाड वही, कोपरे दुमडलेले. मी शेडमध्ये क्रेटवर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागलो. सावकाश, बोट ठेवून. चार वाजून गेले. शुभांगी मोबाइलमध्ये वेळ बघत होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं:

'१. फुकट जादू करायची नाही. जे मिळेल त्याची किंमत द्यायची, आणि दिलेलं परत येत नाही.
२. राखणदार खोटं बोलत नाही.
३. ह्यांना ऐकवल्याशिवाय समाप्त लिहायचं नाही. त्यांनी मग म्हटलं तर शेवट झालेला नाही.'

मी वही शुभांगीपुढे धरली.

तिने वाचलं. परत वाचलं. "हे मी बघितलं होतं," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, तुमचं घरातलं काहीतरी आहे. मी सरळ सातव्या खिंडीच्या पानावर गेले." मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "शेवटचं राहिलंय म्हणाली ती. म्हणजे तुम्हाला ऐकवायचं राहिलं होतं?"

"असेल."

"आणि ऐकलंत तुम्ही?"

"आज सकाळी."

"म्हणालात का, मग?"

"तुझ्या प्रकरणाला म्हणालो. तिच्याला नाही."

तिने वही मिटून क्रेटवर ठेवली. मग नाक पुसून म्हणाली, "एक नंबरचा नियम मीच मोडला. सगळं परत आणलं फुकटात. रविवारी तिने माझी चांगलीच पिसं काढली असती." आणि तिने लॅपटॉप उघडला. मधल्या सगळ्या सूचना तिने आधीच काढल्या होत्या. 'ह्यांना इथे कंटाळा आला' ही पण. ती तेवढी ठेव, असं म्हणावंसं वाटलं, पण म्हणालो नाही.

"लिहा," तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "हे तुम्हीच लिहायचं आहे."

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मला 'समाप्त'चं जोडाक्षर सापडेना. वेदिकाने दाखवलं, पण हात मीच लावला. एक शब्द. दहा दिवस मी धास्ती घेतली होती आणि पुरं करायला एक शब्द राहिला होता. तरी तो लिहिताना वाटलं, हा चुकला तर आता दुरुस्त करणारं कोणी नाही. पाच वीसला फाइल गेली.

आई दारातून म्हणाली, "झालं का रं तिचं?"

"झालं असावं," मी म्हणालो.

दसऱ्याला मी पहाटे तीनपासून फुलबाजारात होतो. दुपारी क्रेट रिकामी झाली. छायाचा मोबाइल सकाळपासून खिशात थरथरत होता, मी काढला नव्हता. टेम्पोत बसून काढला. बरेच निरोप होते. मी फक्त लंकाबाईचा उघडला. या वेळी तिने बोलून नाही, लिहून पाठवला होता.

'ताई वाचलं. रात्री दोनदा वाचलं. पाणी आलं का नाही?'

मी उत्तर लिहायला घेतलं. टेम्पो निघाला, तरी माझी पहिली ओळ पुरी होत नव्हती. पंचवटी ओलांडली तेव्हा एवढं झालं होतं:

'पाणी आलं का ते मला माहीत नाही. तिने मला एवढंच सांगितलं. मी छायाचा नवरा लिहितोय.'

पुढे अजून एक ओळ लिहायला हवी होती. ती लिहिली. छाया गेल्याचं मी कोणालाही स्वतः सांगितलं नव्हतं, आजवर सगळ्यांना महेशनेच फोन केले होते. बराच वेळ अंगठा तसाच राहिला. मग पाठवलं.

लंकाबाईने लगेच बघितलं. ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं. थांबलं. परत दिसलं. घर आलं तरी ती लिहीतच होती, आणि मी मोबाइल हातात धरून टेम्पोतच बसून राहिलो.