चारशेवी नोंद

पहिलं फावडं धामणीच्या पाठीत बसलं. दुसऱ्यानं तिचे दोन तुकडे झाले. शेपटाकडचा तुकडा तरी वळवळतच होता, आणि शेजारचा रुपराव त्यालाही कुटत राहिला, मिरच्या कुटाव्या तसा.

"थांब गा! बिनविषारी आहे ते!"

वच्छलाबाई अनवाणीच धावल्या. दांडा धरायला गेल्या आणि त्याचा फटका मनगटावर बसला. हाड वाजलं. कोणी पाहिलंही नाही. काठ्या घेऊन आठ-दहा बाप्ये त्यांच्या बागेत शिरले होते; गल्लीची मर्दानगी सापावरच निघते. पतंगकिडे नोंदवायला रात्री दिव्यापुढे टांगलेली पांढरी चादर त्यांनी पायाखाली घेतली होती. सकाळपर्यंत तिच्यावर बसून राहिलेल्या पतंगांचं पीठ झालं होतं.

"तुमाले कोणी सांगितलं इथं साप आहे म्हणून?"

"तुमीच तं!" रुपरावनं घाम पुसला. "गल्लीच्या ग्रुपवर फोटो कोणी टाकला पहाटे? माझ्या बागेतली चारशेवी नोंद म्हणे! आमची लेकरं खेळतात ना इथं."

खरं होतं. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी मेलेल्या जिवांच्या बाटल्या पुसल्या. मग सात वर्षं या एरंडी-रुईच्या रानात जिवंत जीव नावानिशी वहीत लिहिले. फुशारकी एकदाच मारली.

"सापाची जोडी असते," कोपऱ्यावरचा चंद्रभान म्हणाला. "दुसरा बदला घेते. शोधा बे!"

"जोडी-बिडी काही नसते. शिकलेला ना तू?"

"मग झाडीच पेटवतो. झंझटच नको. भैयाजी, पेट्रोल काढ."

भैयाजीनं, त्याच्या भावानं, खरंच गाडीला नळी लावली. बाटली भरत आली. एरंडीच्या पानांवर अळ्या निवांत खात होत्या.

वच्छलाबाईंनी सुजलेलं मनगट पदरात गुंडाळलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"जोडी. मघाशी पाह्यली मी. रुपराव, तुमच्या मोरीतून आत गेली."

रुपराव हसायला गेला. "काहून थापा मारून राहिल्या, बाई?"

पण बाकी कोणी हसलं नाही. गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं किती झाली, हेही लोक याच बाईला विचारत.

"ही बाई चुकीचं सांगत नाई," चंद्रभान म्हणाला, आणि काठ्या भिंतीवरून पलीकडे गेल्या. त्यांच्यामागे रुपरावही, "अबे थांबा, थांबा!" करत. भैयाजी तेवढा बाटली घेऊन एरंडीपाशी उभा राहिला.

आधी डबे पडले. मग काच. मग कपाट भुईसपाट झाल्याचा आवाज आला, आणि रुपरावची शिवी, आणि कोणीतरी कोणाच्या तरी थोबाडीत दिली.

रुपरावची बायको कुसुमावती भिंतीशी आली. केस सुटलेले, ओठ फुटलेला.

"वच्छलाताई, सांगा वं यायले! माहा संसार फोडून राहिले. काही नाई ना घरात?"

वच्छलाबाईंचं तोंड उघडलं. याच बाईनं त्यांना तापात आठ दिवस पेज पाजली होती.

भैयाजीनं बाटलीचं झाकण काढलं.

"नाई सापडली तं पेटवू ना, बाई?"

आतून चंद्रभान ओरडला, "सगळं उलटं केलं! आता कुठं पाहावं?"

वच्छलाबाई कुसुमावतीकडे पाहतच बोलल्या. आवाज मोठा ठेवावा लागला.

"भिंतीत असंल. फोडून पाहा."