मुरुडची हार्ड डिस्क

गुरुपादप्पांना हुमाचा राग नव्हता. राग असता तर एखाद्या दिवशी भांडून मोकळे झाले असते. त्यांना खुपत होती तिची खुर्ची. लातुरात किशनराव सरांच्या क्लासचं कॉम्प्युटरचं काम आप्पांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाढवलं, आणि नांदेड शाखेतून आलेल्या या पोरीला पहिल्याच आठवड्यात फिरती खुर्ची. वर सर तिला ‘हुमा मॅडम’ म्हणत. यांना ‘ए आप्पा’.

आप्पांची एक पुण्याई मात्र ऑफिसात कुणी नाकारत नसे. ते किल्लारीचे. शाळकरी वयात भूकंप पाहिला. घराबरोबर सातबारा, दाखले, सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. तेव्हापासून घरचे कागद एका जागी ठेवायचे नाहीत अशी रीत पडली, एक संच लातूरजवळच्या मुरुडला बहिणीच्या कपाटात. क्लासच्या डेटाबेसलाही त्यांनी तीच रीत लावली. दर शनिवारी पोरांची नावं, बॅचा, टेस्टचे मार्क हार्ड डिस्कवर घ्यायचे आणि डिस्क रुमालात गुंडाळून मुरुडच्या जीपमध्ये. ऑफिसात नवा माणूस आला की चहाआधी त्याला ही गोष्ट ऐकावी लागे.

हुमानंही ऐकली. म्हणाली, "लई भारी, आप्पा. इतकं कोण करतंय."

हे कौतुकही त्यांना लागलं. कौतुक करणारा नेहमी वरच्या पायरीवरून करतो, हा त्यांचा हिशोब.

तशात सरांनी ठरवलं, दोन्ही शाखांच्या नोंदी एकत्र करायच्या. हे काम जो धड पार पाडील, त्याच्याकडे दोन्हीकडचं रेकॉर्ड. काम दिलं हुमाला. एकच पोरगं आधी नांदेडला नाव घालतं, मग लातूरला येतं, त्यामुळे दुहेरी नोंदी फार. तिनं तोडगा काढला: मोबाईल नंबर एक, तर पोरगं एक. रविवारी प्रोग्राम चालवायचा; तो जास्तीच्या नोंदी पुसून टाकील.

आप्पांनी हे ऐकलं आणि शांतपणे सुपारी कातरली. त्यांना ठाऊक होतं, खेड्यातली पोरं घरचा नंबर देतच नाहीत. बाप शेतात, फोन उचलत नाही. म्हणून फॉर्मवर सगळ्यांचा एकच नंबर, मेसवाल्या नागुबाईंचा. म्हणजे सोमवारी नागुबाईंच्या पंगतीतली सगळी पोरं मिळून एकच पोरगं उरणार. मग ऑफिसात बोंबाबोंब, मग सर म्हणणार, "आप्पा, आता तूच वाचव," आणि आप्पा रुमाल सोडणार. सोमवारचा पांढरा शर्ट त्यांनी मंगळवारीच इस्त्रीला टाकला.

शुक्रवारी सकाळी हुमा म्हणाली, "आप्पा, मुरुडची डिस्क आणाल का? तिच्यावरून सगळा डेटाबेस दुसऱ्या कॉम्प्युटरवर उभा करून बघते. रविवारी काही बिघडलं तर परत येतंय का, ते तरी कळंल."

"माझ्या कॉपीवर भरोसा न्हाई का?"

"भरोसा हाय म्हणून तर मागून राहिले."

डिस्क आली. दुपारी हुमानं आप्पांना आत बोलावलं, दार लोटलं. "आप्पा, यात नांदेडची पोरं न्हाईत."

"न्हाईत म्हणजे?"

"एकबी न्हाई."

नांदेड शाखा निघाली तेव्हा तिच्या पोरांसाठी डेटाबेसात वेगळं टेबल टाकलं होतं. टाकलं होतं आप्पांनीच. बॅकअपच्या प्रोग्रामात मात्र जुन्याच टेबलांची नावं राहिली. डिस्क दर शनिवारी इमानानं मुरुडला जात होती. ती उघडून कुणी पाहिली नव्हती. रविवारी आप्पांच्या मनासारखं झालं असतं, तर सोमवारी पांढऱ्या शर्टात त्यांनी सोडलेल्या रुमालातून अर्धाच क्लास निघाला असता.

"मी त्या टेबलाचं नाव प्रोग्रामात घातलंय," हुमा म्हणाली. "नवी कॉपी घेतली, उघडून बघितली, तिच्यावर रविवारची तालीमबी केली. नोंदी बऱ्याच घटल्या, म्हणजे बरोबर चाललंय. हे सरांना सांगायचं कारण न्हाई."

ती ओरडली असती तर आप्पा रविवारपर्यंत तोंड मिटून बसले असते. पण हा उपकार. त्यांना रात्री भाकरी गोड लागली नाही. फेडायचा तर चारचौघांत, म्हणजे निदान श्रेय तरी पदरात पडेल.

शनिवारी सरांसमोर ते बोलले. "सर, मोबाईल नंबरावर जाऊ नका. नागुबाईच्या मेसची समदी पोरं एकाच नंबरावर हायत. पुसली जातील."

सरांनी हुमाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरलेला. आप्पांना एक क्षण फार बरं वाटलं. मग सर त्यांच्याकडे वळले. "ए आप्पा, हे तुला कधीपासून माहीत हाय?"

आप्पा खिशात अडकित्ता चाचपू लागले.

"कालच बोलले मला," हुमा म्हणाली. "नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव जुळलं तरच एक धरायचं, असं ठरलंय आमचं."

रविवार सुरळीत गेला. नागुबाईंची सगळी पोरं जागच्या जागी राहिली. दोन्हीकडचं रेकॉर्ड हुमाकडे गेलं आणि आप्पांना फिरती खुर्ची मिळाली. ती हुमानं सरांकडून मागून घेतल्याचं त्यांना शिपायाकडून कळलं. तेव्हापासून ते त्या खुर्चीवर बसतात, पण फिरत नाहीत.

आता दर शनिवारी रुमालात बांधण्याआधी आप्पा डिस्क उघडून सगळी टेबलं तपासतात. मग हुमाचं आठवड्याचं काम काढून एकेक ओळ वाचतात.

"सापडली का चूक, आप्पा?" ती मान वर न करता विचारते.

"शोधून राहिलो," आप्पा म्हणतात.