रोजचा दहाचा फोन

डॉक्टरीणबाईंनी गाईची जीभ बाजूला ओढून धरली आणि हिरडीवर बॅटरीचा झोत टाकला. लाल चट्टे होते, त्यातले दोन फुटलेले. लाळ सकाळपासून गळतच होती.

सासूबाई दावं धरून उभ्या होत्या. गाय त्यांची, गोठा त्यांचा, आणि सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर असलेली सूनही त्यांचीच.

"लाळ्या-खुरकूत तर नाही ना गं?"

"बघू, आई."

"बघू काय? परवा बाजार आहे."

तेवढ्यात फोन वाजला. दहा वाजले होते. ओढ्यापलीकडे दुसरा देश लागायचा. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांशी तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं: रोज दहाला फोन, नुसता संशय आला तरी सांगायचं, वरिष्ठांच्या पत्रांची वाट बघत बसायचं नाही. बाजाराला दोन्हीकडची गुरं एकत्र येत.

"काय खबर, मॅडम?"

"काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इकडेही काही नाही."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई सुनेकडे बघत होत्या. खरं सांगितलं असतं तर बाजार बंद, गावभर बोंब, शिवाय साथ डॉक्टरच्याच घरातून निघाली म्हणून लोकांनी तोंडसुख घेतलं असतं ते वेगळंच. पण पलीकडचा माणूस आता बिनघोर गुरं सोडणार होता. डॉक्टरीणबाईंना स्वतःची लाज वाटली.

लाळेचा नमुना बाटलीत भरून, हात धुऊन त्यांनी स्वतःच फोन लावला.

"सर, मघाशी मी खोटं बोलले. आमच्याच गाईच्या तोंडात चट्टे आहेत. परवा गुरं पाठवू नका."



"खुरं बघितलीत?"

"स्वच्छ आहेत. तापही नाही. पण सुरुवात असली तर?"

"हिरडीवरून बोट फिरवा. जरा दाबून."

डॉक्टरीणबाईंनी फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंच्या हातात दिला आणि बोट फिरवलं. टोचलं. चिमट्याने ओढल्यावर गवताचं कुसळ निघालं, मग दुसरं, मग तिसरं.

"कुसळं आहेत, सर."

"नव्या गवताची आहेत ती. आमच्या तीन गाईंना असंच झालं. प्रयोगशाळेचा अहवाल काल संध्याकाळी आला, रोग नाही. तुमचाही नमुना पाठवाच, तोवर गाय गोठ्यात ठेवा. पण जिवाला घोर लावून घेऊ नका."

"सुटलो गं बाई," म्हणत सासूबाई गव्हाणीच्या कडेवर टेकल्या. डॉक्टरीणबाई हसल्या, मोकळ्या, डोळ्यांत पाणी येईतो. मग मध्येच थांबल्या.

"तुम्ही नमुना कधी पाठवला होता, सर?"

"गुरुवारी."

आज सोमवार होता. मधले तीन दिवस तेही दहा वाजता 'काही नाही' म्हणत आले होते.

"त्यातली एक आमच्या आईची आहे, मॅडम," पलीकडून हळूच आवाज आला.

सासूबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"आता खातेय का हो ती?"

"खातेय, काकू."

"मग झालं तर."