खिडकीतले चंबू

सातव्या वर्षीही सरांनी तिच्या प्रबंधावर सही केली नाही. कारण तेच: "तुझा हात स्वच्छ नाही, बाई."

प्रकरण एका पिवळ्या रेणूचं होतं. त्याला ऊब दिली की त्याच्या दोन टोकांवरची ऑर्बिटलं, म्हणजे इलेक्ट्रॉनांची घरं, एकमेकांच्या उलट फिरून जुळतात, रेणूचं कडं बनतं आणि कड्यावरचे दोन्ही अणुगट एकाच बाजूला येतात. नियमच तसा. सरांनी त्या नियमावर उभी हयात काढली होती. तिच्या खिडकीतल्या चंबूंत मात्र शंभरातल्या चाळीस रेणूंचे गट विरुद्ध बाजूंना निघत.

एवढ्या वर्षांत धाकटी बहीण दोनदा बाळंत झाली, आणि "ती अजून शिकतेय" हे वाक्य आई मान वर ठेवून म्हणायला शिकली.

मग खिडकीची झडप बंद होऊन अडकली. आठवडाभर टेबलावर अंधार. त्या आठवड्याचा माल निघाला शंभर टक्के नियमाप्रमाणे.

"मामा, झडप दुरुस्त करू नका," ती म्हणाली.

प्रयोगशाळेची झाडलोट पाहणारे मामा म्हणाले, "मला कुठे येतंय!"

उजेड! उजेडात इलेक्ट्रॉन एक मजला वर चढतो, तिथल्या ऑर्बिटलची टोकं वेगळ्या जातीची, मग ती एकाच दिशेला फिरतात आणि गट विरुद्ध बाजूंना जातात. हे ती मुलांना दरवर्षी फळ्यावर शिकवायची. पहिल्या वर्षी तिने चंबूंना फॉइल गुंडाळलंही होतं. सरांनी स्वतःच्या हाताने ते सोलून काढलं होतं: "पाहुणे येतात. रंग दिसला पाहिजे. हा काय जेवणाचा डबा आहे?"

तिने उघड्या आणि झाकलेल्या चंबूंचे आकडे सरांपुढे ठेवले. सरांनी चष्मा पुसला.

"म्हणजे नियम बरोबर होता."

"हो सर. उजेड होता."

"मग फॉइल का नाही लावलंस?"

"तुम्ही काढायला सांगितलंत, सर."

"मी? लेखी आहे?"

दारात मामा होते. त्यांना एकाएकी फरशीवर डाग दिसला.

"सात वर्षांचे आकडे तूच बाद केलेस," सर मायेने म्हणाले. "आता सगळं पहिल्यापासून कर. नीट झाकून. उजेडाचा भाग राहू दे माझ्याकडे, परिषदेत वाचतो."

तिने झाकून सुरुवात केली. तिसऱ्याच दिवशी मामा आले. "ताई, उद्या तपासणी समिती. सर म्हणाले, फॉइल काढा. झडपही करून घेतलीय दुरुस्त."

तिने खरे चंबू कपाटात कोंडले आणि खिडकीत पाण्यात पिवळा रंग कालवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी समिती त्या पाण्यापुढे थांबली. सर तासभर ऑर्बिटलांवर बोलले. अध्यक्षांनी विचारलं, "आणि या कोण?"

"आमची विद्यार्थिनी," सर म्हणाले. "हात जरा सुधारतोय."

पाणी उन्हात मोठं सुंदर दिसत होतं. समितीने त्याचा फोटो काढला.